डावा कोपरा पाहा

अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत अमरावती आणि अकोल्याचे संघ समोरासमोर आले, की मैदानाच्या कडेला सामन्याआधीच सामना रंगतो. अमरावतीकर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा दाखला देतात: १९१४ सालची संस्था, १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने तिथे कबड्डी खेळून दाखवली. अकोल्याचा पाठीराखा म्हणतो, ‘‘बर्लिनचं राहू द्या बाप्पा, आमचा डावा कोपरा पाहा. घोटा धरला का सोडत नाई!’’ वारशाचा मला अभिमान आहे, पण पारख अकोलेकराचीच खरी. चढाईला मिळतात ३० सेकंद. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस. बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवताना दुसरा हवेत असतो, आणि नेमका तेव्हाच कोपरारक्षक झेपावतो. घाई झाली तर गुणही जातो आणि गडीही. म्हणून जाणते प्रेक्षक सरावात चढाईपटूचे दंड बघत नाहीत. तो बोनसला कुठला पाय टाकतो, ते हेरून ठेवतात. ही नजर वऱ्हाडाने पिढ्यान्‌पिढ्या कमावली आहे. यंदा सामन्याला जाल तेव्हा अर्धा तास आधी पोचा, आणि पोरांनाही सोबत न्या.