मोबाइलमधला बुद्धिबळपट कसा निवडावा?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. तेथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, "बियाण्याच्या पाकिटावर मिरचीचे सुंदर चित्र आहे, म्हणून आपण वाण निवडता का?" तो हसेल. तो शेजाऱ्याच्या शेतात जाऊन झाडे पाहील, भाव विचारील आणि नवे वाण आधी दोन-चार सऱ्यांतच लावून बघेल. वर्षभराच्या कष्टांचा प्रश्न असतो. तेथे चित्रावर भागत नाही.

आता याच गावातला नववीतला एखादा मुलगा किंवा मुलगी डोळ्यांसमोर आणा. शाळेत बुद्धिबळाची गोडी लागली आहे, पण गावात शिकवणारा कोणी नाही. घरात एकच मोबाइल आहे. वडील शेतातून परत आले, की तो तासभर हाती येतो. बुद्धिबळाचे अ‍ॅप शोधले, तर डझनावारी चिन्हे समोर येतात. यातले कोणते घ्यावे? बहुतेक जण ज्याचे चित्र आकर्षक किंवा जे वर्गमित्राकडे आहे, तेच घेतात. म्हणजे बियाण्याच्या पाकिटावरचे चित्रच पाहिले म्हणायचे!

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. माझ्या मते तो तसा नाही. तुमच्या दिवसातला तो एक तास तुम्हाला विचार करायला शिकवणार, की नुसते बोट हलवायला शिकवणार, हे त्या निवडीवर बरेचसे अवलंबून आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अ‍ॅप नसेल तर बुद्धिबळ येणारच नाही, असे मुळीच नाही. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७० च्या दशकात महिलांचे राष्ट्रीय बुद्धिबळ गाजवले. रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. त्या वेळी मोबाइल नव्हता. पट होता, पुस्तके होती आणि घरातच तोलामोलाचे प्रतिस्पर्धी होते. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर हा किताब मिळवला. तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिच्या पिढीला संगणकाची साथ मिळाली हे खरे, पण प्रशिक्षक, स्पर्धा आणि समोरासमोरचे डाव यांचा मार्ग तिलाही चालावा लागला.

मग मोबाइल हवाच कशाला, असे काही शिक्षक विचारतील. त्यांची काळजी रास्त आहे. परंतु मुंबई-नागपूरच्या मुलाला जे प्रतिस्पर्धी शेजारी मिळतात, ते लहान गावातल्या मुलाला मिळत नाहीत. ही उणीव मोबाइल भरून काढू शकतो. म्हणून त्याच्यावर बंदी घालण्यापेक्षा त्याची पारख शिकवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पारख करायची तर त्या पटामागे काय दडले आहे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. १९९७ च्या मे महिन्यात आयबीएम कंपनीच्या 'डीप ब्लू' या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारॉव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. आज 'स्टॉकफिश' हा विनामूल्य मिळणारा कार्यक्रम साध्या मोबाइलवर चालतो आणि सेकंदाला त्याहून पुष्कळच कमी स्थिती तपासूनही तो डीप ब्लूपेक्षा बलवान आहे. निरर्थक फांद्या लवकर छाटणे आणि उरलेल्या स्थितींचे मोल अचूक ठरवणे, या दोन गोष्टींत झालेली सुधारणा हे याचे कारण आहे.

यावरून पारखीचा पहिला नियम निघतो. 'आमचे यंत्र सर्वांत बलवान' या जाहिरातीकडे दुर्लक्ष करा. शिकाऊ खेळाडूला कोणतेही चांगले यंत्र हरवणारच. विहीर दोनशे फूट खोल असो वा तीनशे, पोहायला शिकणाऱ्याला त्याचे काय?

उलट हे बलवान यंत्र तुमच्यासाठी दुबळे कसे केले जाते, ते पाहा. अनेकदा त्याला मुद्दाम अधूनमधून कमी प्रतीची खेळी निवडायला लावतात. त्यामुळे ते दहा खेळ्या उस्तादासारखे खेळते आणि अकराव्या खेळीला अकारण वजीर देऊन टाकते. माणूस असा चुकत नाही. माणूस घाईने, लोभाने किंवा पटाच्या एका कोपऱ्याकडे दुर्लक्ष झाल्याने चुकतो. म्हणून ज्या अ‍ॅपवर केवळ यंत्राशीच खेळता येते, ते सरावाला ठीक असले तरी पुरेसे नाही. खरा प्रतिस्पर्धी मिळण्याची सोय हवी.

दुसरी कसोटी जाळ्याची, म्हणजे इंटरनेटची. मोबाइल विमान-अवस्थेत टाका आणि अ‍ॅप उघडा. काय काय चालते? यंत्राशी डाव खेळता येतो का? कोडी सोडवता येतात का? एकाच मोबाइलवर दोघांना समोरासमोर खेळता येते का? जेथे संदेशवहन भरवशाचे नाही, तेथे या सोयींना फार मोल आहे.

तिसरी कसोटी पैशाची आणि जाहिरातींची. विनामूल्य म्हटलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजत असते. ती कोण मोजते, हे विचारायची सवय लावा. 'लिचेस' हे अ‍ॅप फ्रान्समधील एक ना-नफा संस्था देणग्यांवर चालवते. त्यात जाहिराती नाहीत आणि त्याच्या कार्यक्रमाची मूळ संहिता कोणालाही वाचता येते. 'चेस डॉट कॉम' हा व्यवसाय आहे. त्यावर खेळाडू भरपूर आहेत, पाठही पुष्कळ आहेत. मात्र विनामूल्य खात्यावर काही सोयींना मर्यादा असून त्या हटवण्यासाठी वर्गणी भरावी लागते. व्यवसाय करणे हे काही पाप नाही. पण हरल्यानंतर चूक कोठे झाली ते समजण्याच्या ऐन क्षणी जर 'पैसे भरा' अशी पाटी येत असेल, तर ते अ‍ॅप तुमच्या उपयोगाचे किती, हे तुम्हीच ठरवा.

चौथी कसोटी माहितीची. बुद्धिबळ खेळण्यासाठी अ‍ॅपला तुमच्या ओळखीच्या लोकांचे दूरध्वनी क्रमांक लागत नाहीत, तुम्ही कोठे आहात हेही लागत नाही. असे मागणारे अ‍ॅप बाजूला ठेवा. आपल्या देशात २०२३ साली झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. खाते उघडताना घरच्यांना शेजारी बसवा, खरे नाव आणि छायाचित्र टाकू नका, आणि अनोळखी माणसाशी गप्पा मारण्याची सोय बंद ठेवा.

पाचवी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुम्ही हरल्यानंतर ते अ‍ॅप काय करते? काही अ‍ॅपमध्ये 'पुन्हा खेळा' हे बटण मोठे आणि ठळक असते, तर 'डाव तपासा' हे कोठेतरी कोपऱ्यात. तीन मिनिटांचे झटपट डाव तासात दहा होतात. त्यातला एकही नंतर आठवत नाही. उलट पंधरा-पंधरा मिनिटांचा एकच डाव खेळलात, तर तो अर्ध्या तासात आटोपतो आणि उरलेला अर्धा तास तो तपासायला मिळतो. माझे मत स्पष्ट आहे. न तपासलेल्या दहा डावांपेक्षा तपासलेला एक डाव श्रेष्ठ.

पण तपासायचा कसा? बटण दाबताच यंत्र प्रत्येक खेळीपुढे एक आकडा मांडते. अधिक १.५ याचा अर्थ पांढऱ्याची बाजू सुमारे दीड प्याद्याने वरचढ आहे. हा आकडा म्हणजे गणिताचे पुस्तक उघडून मागच्या पानावरचे उत्तर पाहणे होय. उत्तर कळते, रीत कळत नाही. म्हणून आधी यंत्राविना डाव पुन्हा मांडा. 'माझी चूक येथे झाली असावी, कारण अमुक' असे वहीत लिहा. मगच यंत्राला विचारा. तुमचा अंदाज आणि त्याचे उत्तर यांत जेथे फरक पडेल, तेथेच तुमचे शिक्षण आहे. शून्य पूर्णांक दोन-तीन दशांशाच्या फरकाने मात्र हुरळून किंवा खचून जाऊ नका. क्लॉड शॅनन या शास्त्रज्ञाने १९५० साली अंदाज केला होता, की संभाव्य बुद्धिबळ डावांची संख्या १ वर १२० शून्ये एवढी प्रचंड आहे. यंत्रालाही सारे काही दिसत नाही.

आणखी एक सावधगिरी गुणांकनाबाबत. आर्पाड इलो यांनी रचलेली गुणांकन-पद्धती जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात २०० गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूने १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते. म्हणजे गुणांकनात अर्थ आहे तो फरकाला, आणि तोही एकाच गटात खेळणाऱ्यांमधल्या. लिचेसवर नव्या खेळाडूची सुरुवात १५०० पासून होते. फिडेच्या यादीत मार्च २०२४ पासून १४०० ही सर्वांत खालची पायरी आहे. तेव्हा लिचेसवर १५०० असलेला नवशिका स्वतःला फिडेच्या १४५० गुणांच्या खेळाडूहून श्रेष्ठ समजू लागला, तर ते एका गावच्या शेराने मोजलेले धान्य दुसऱ्या गावच्या पायलीशी ताडून पाहण्यासारखे होईल.

घरातल्या आजोबांना हा मोबाइलचा पट दाखवाल, तेव्हा ते कदाचित नियमांवरून वाद घालतील. आपल्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल खेळता येते. अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय नियम असतात. आजोबांचे चुकलेले नाही. तो खेळाचा जुना प्रकार आहे. त्यांच्याशी एक डाव त्यांच्या नियमांनी आणि एक तुमच्या नियमांनी जरूर खेळा.

आता शेतकऱ्याच्या दोन-चार सऱ्यांकडे पुन्हा येऊ. माझे म्हणणे तुम्ही तसेच मान्य करावे असे मला वाटत नाही. प्रयोग करा. शाळेतल्या दहा खेळाडूंचे दोन गट पाडा. एका गटाने एक अ‍ॅप, दुसऱ्याने दुसरे, चार आठवडे वापरावे. दोन्ही गटांचा वेळ आणि डावांचा प्रकार सारखाच ठेवा. पुढील चार आठवडे अदलाबदल करा. मोजायचे काय? गुणांकन नव्हे. प्रत्येक डावात आपले किती मोहरे फुकट गेले, ते मोजा. शिवाय आरंभी, मध्ये आणि शेवटी पुस्तकातली सारख्या अवघडपणाची दहा-दहा नवी कोडी, मोबाइल न वापरता, सोडवून किती बरोबर आली ते लिहा. दहा जणांच्या प्रयोगावरून जगाला सांगण्यासारखा सिद्धांत निघणार नाही. पण आपल्या शाळेपुरता निर्णय जाहिरातीऐवजी निरीक्षणावर घेतला जाईल. शिक्षकांनी एवढे करून घेतले, तर बुद्धिबळाबरोबर विज्ञानाचाही एक धडा होईल.

कोठून सुरुवात करावी असे मला विचाराल, तर जाहिराती नसलेले, संहिता उघडी ठेवणारे लिचेस मी आधी घेईन. तुमच्या प्रयोगातून वेगळे उत्तर आले, तर तुमचेच उत्तर खरे धरा.

एक गोष्ट मात्र कोणतेही अ‍ॅप देऊ शकत नाही. समोर माणूस आहे, डाव अडचणीत आहे आणि शेजारच्या खोलीत यंत्र उत्तर घेऊन बसले आहे. अशा वेळी तिकडे न पाहण्याचा निर्धार तुमचा तुम्हालाच करावा लागतो. मोठी संकेतस्थळे अशी लबाडी शोधून खाती बंद करतात, पण पकडले जाण्याची भीती हे त्याचे खरे कारण नव्हे. यंत्राने सुचवलेल्या खेळीने जिंकलेला डाव तुमचा नसतो, आणि त्यातून तुम्हाला काहीच येत नाही.

म्हणून आठवड्यातून एक दिवस तरी मोबाइल बंद ठेवा. पुठ्ठ्याचा पट मांडा, प्रत्येक खेळी स्वतःच्या हाताने वहीत लिहा, कारण स्पर्धेत ती लिहावीच लागते आणि तेथे हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो. पाहा बरे, दोन महिन्यांच्या मोबाइलवरच्या सरावानंतर त्या पटावर तुमचे किती मोहरे फुकट जातात? तो आकडा कमी झाला असेल, तर तुमची निवड बरोबर होती.