इरावती कर्वे यांनी मोजलेली जात

गिरणीचा भोंगा वाजू लागला की जातीचे बंध आपोआप सैल होतील, अशी एक समजूत पुरोगामी वर्तुळात दीर्घकाळ वावरत होती. या समजुतीची कसोटी पाहायची तर सोलापूरसारखे शहर नाही. १८७७ साली येथे जुनी मिल उभी राहिली आणि मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे कामगार एका छपराखाली आले. १९३० च्या लष्करी कायद्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे निरनिराळ्या समाजांतले चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी एकत्र फासावर गेले. संप एकत्र झाले, मोर्चे एकत्र निघाले. सोयरिकी मात्र ज्याच्या त्याच्या जातीतच जुळत राहिल्या. असे का व्हावे, याचा उलगडा करणारे संशोधन डॉ. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी केले. कार्यकर्त्यांना मात्र त्या प्रामुख्याने ‘युगान्त’च्या लेखिका म्हणूनच ठाऊक असतात.

मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली शिकून इरावतीबाई बर्लिनला गेल्या. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑइगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारे आणि पुढे नाझींना उपयोगी पडलेले. मानवी कवट्यांच्या विषमतेवरून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व दिसते का, हे तपासण्याचे काम पंचविशीच्या आतल्या या विद्यार्थिनीकडे आले. मोजमापे वंशभेदाला दुजोरा देत नाहीत, असा निष्कर्ष तिने गुरूपुढे ठेवला. त्या काळी त्या संस्थेत ही लहान गोष्ट नव्हती.

१९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे खरे कार्य उभे राहिले. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासमवेत केलेली महाराष्ट्रातील जातींची मोजमापे १९५१ साली प्रसिद्ध झाली. या व पुढील अभ्यासांतून त्यांनी मांडले की ब्राह्मण किंवा कुंभार अशा एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती म्हणजे एका मूळ समाजाचे तुकडे नव्हेत. प्रत्येक जात हा आपसांतच विवाह करणारा एक विस्तारलेला नातेसमूह आहे. येथे त्यांचा घुर्ये यांच्याशी मतभेद झाला. शरीरमापनाचे ते शास्त्र आज मागे पडले आहे, पण त्यातून निघालेला प्रश्न मागे पडलेला नाही.

१९५३ च्या त्यांच्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हणून महाराष्ट्र येतो. उत्तरेत मामेबहिणीशी विवाह निषिद्ध. मराठा-कुणब्यांत तो पसंतीचा, आतेबहिणीशी मात्र नाही. दक्षिणेत भाचीशीही विवाह होतो. सोलापुरात ही सरहद्द एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाताना ओलांडली जाते.

पंढरीच्या वारीवरील त्यांच्या लेखात हाच शास्त्रीय सिद्धांत चालताबोलता होतो. एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठे अभंग एकत्र म्हणतात, जेवण मात्र वेगवेगळे शिजवतात. इरावतीबाई दोहोंकडे जेवल्या आणि हा दुरावा त्यांना सलत राहिला. साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणाने पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले होते. वाटेवरच्या चुली तशाच राहिल्या.

त्यांच्या मांडणीत एक उणीव उघड आहे. नाते म्हणजे जात, इतके सांगून त्या थांबतात. त्या नात्याच्या पाठीशी जमीन कोणाची, मजुरी कोणाची, हा हिशेब त्यात फारसा येत नाही. आंबेडकरांनी १९१६ सालीच जातीबाहेरील विवाहबंदी हे जातीचे मर्म म्हणून दाखवले होते आणि त्याची किंमत स्त्री कशी मोजते तेही. इरावतीबाईंच्या नातेविचाराला अर्थकारणाची जोड दिली तर सोलापूरचे कोडे बरेचसे सुटते. जुनी मिल १९६३ मध्ये बंद पडली. पुढे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी याही थांबल्या. त्या दिवसांत कामगाराला उसनवार कोणी दिली, मुलाला दुसऱ्या कामावर कोणी चिकटवले, मुलीच्या लग्नाला कोण उभे राहिले? बहुधा सोयरेधायरेच. युनियन बोनसासाठी लढत होती, पण आजारपणात आणि बेकारीत जात हीच गरिबाची विमा कंपनी होती. असा आधार देणारी दुसरी व्यवस्था उभी केल्याशिवाय त्याला जात सोड म्हणणे म्हणजे छत्री मिटून पावसात ये म्हणणे होय. २०११-१२ च्या देशव्यापी मानवविकास पाहणीत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण अवघे सुमारे ५ टक्के निघाले, त्यात नवल ते काय?

आयुष्याच्या अखेरीस इरावतीबाई ग्रंथांतून उठून कोयना धरणाने उठवलेल्या माणसांकडे गेल्या. जाई निंबकर यांच्यासह केलेली ती पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा त्यानंतर सात वर्षांनी, १९७६ साली आला. तोवर भीमेवर उजनीचे काम सुरू झाले होते, आणि काठची गावे सामान बांधत होती.