तेच ते वाजतं, म्हणून काय झालं?

एकट्या माणसाने यंत्रांवर केलेलं, एक ठेका आणि दोन-चार स्वर धरून चालणारं संगीत हे संगीतच नव्हे, असं एका जाणकारांनी नुकतंच ठासून सांगितलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: त्यात तेच ते वाजतं, बोटांना कष्ट नाहीत, आणि रेला-ढोल असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीला ही परकी यंत्रं हवीत कशाला?

'तेच ते' हा आक्षेप मुळातूनच चुकीचा आहे. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला अर्धा-पाऊण तास एकच लेहरा, म्हणजे तीच ती धून, धरून बसतो. त्याला कोणी कल्पनाशून्य म्हणत नाही. लेहरा हलला तर कायदा, पलटे, तिहाई जोखायची कशावर? भामरागड-एटापल्लीकडचे माडिया हात गुंफून रेला नाचतात, तेव्हा एकाने म्हटलेली ओळ बाकीचे उचलतात आणि चाल तीच फिरत राहते. चाल स्थिर असते म्हणूनच बदललेला शब्द चटकन कानात भरतो. पुनरावृत्ती हा दोष असेल तर आधी तानपुरा खाली ठेवावा लागेल. यंत्रांवरच्या संगीतातही हेच. जमैकात १९७०च्या सुमारास किंग टबी या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तयार गाण्यातला गळा काढून टाकला, ड्रम आणि बास तेवढे ठेवले, मधूनच एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून दिला. डब म्हणतात तो संगीतप्रकार हाच. तिथे वगळणं हीच रचना असते, आणि काय वगळायचं हे ठरवायला तयार कान लागतो.

कष्टांचं म्हणाल, तर चरणजित सिंग यांची तबकडी ऐकावी. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात मुरलेल्या या वादकाने १९८२ साली 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ध्वनिमुद्रित केली. ती डब नव्हे. पण एकटा माणूस, मोजकी सामग्री, न हलणारा पाया हे तत्त्व तेच. त्यांच्याकडच्या टीबी-३०३ या बासच्या यंत्रात स्वर भरायला सोळा घरं असतात आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असते. बासवादक नसलेल्या गिटारवाल्याच्या साथीसाठी काढलेलं हे यंत्र. त्याची ती घसर रागाच्या कामी येईल हे कळायला मींड कानात मुरलेली असावी लागते. शिकागोत याच यंत्रावरची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी आली ती १९८७ साली. सिंग यांची तबकडी मात्र आपल्याकडे पडून राहिली, आणि २०१० साली ती पुन्हा काढली परदेशी संग्राहकाने.

राहिला परकेपणा. पेटीही परकीच होती. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असे आक्षेप घेत १९४० साली नभोवाणीवर तिला बंदी झाली, ती तीसेक वर्षं टिकली. आज आपल्या गावागावांतलं खंजिरी भजन पेटीवरच रंगतं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीतल्या पोरांकडे आता लॅपटॉप आहेत, वरातीचे भोंगे आहेत. त्यांनी ढोलाचा एकच ठोका घ्यावा, बाकी सगळं काढून टाकावं आणि काय उरतं ते ऐकावं. जाणकारांना विनंती एवढीच: सिंग यांचा भैरव एकदा शेवटपर्यंत ऐका, आणि मग पुढचा लेख लिहा.