सुट्टीतला टीव्ही आणि घरचा भोंगा

नाताळची सुट्टी सगळ्यांना सारखी नसते. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेला २५ डिसेंबरचा एकच दिवस मिळतो, तर इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच शाळांना आठवडाभर आणि कधी त्याहून जास्त. एकाच घरातल्या दोन चुलत भावंडांपैकी एक सकाळी दप्तर घेऊन निघतो, दुसरा पांघरुणातूनच रिमोट मागतो. मग संध्याकाळी पहिल्यालाही टीव्हीसमोरून उठायचे नसते. बाजारपेठेचे गाव असल्याने दुकानातली माणसे नऊ-साडेनऊला घरी येतात, जेवण मालिकेसोबत होते आणि मुले अकरापर्यंत जागी राहतात.

पडद्याला आवर घालायचे प्रयत्न सध्या सरकारी पातळीवरही चालू आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. आपल्याकडचे उदाहरण जास्त घरगुती आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले, की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद राहतील. कोरोनाकाळात मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, हे त्यामागचे कारण. सुरुवातीला लोकांना घरोघर जाऊन आठवण करावी लागली. मालिका पाहणाऱ्या महिलांशी आधी बोलणी झाली, हे त्या गावाचे शहाणपण. मोठ्यांचा पडदा चालू ठेवून मुलांचा बंद करता येत नाही.

पूर्वी हा भोंगा टीव्हीच वाजवत असे. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात ‘रामायण’ रविवारी सकाळी साडेनऊला लागायचे. आंघोळी, पूजा, चहा त्याआधी उरकायचा आणि मालिका संपली की दिवस मोकळा. इंग्लंडमध्ये राजाराणीचे नाताळचे भाषण १९५७ पासून टीव्हीवर दिसू लागले, दुपारी तीनला. जेवण कधी आटपायचे हे तिथल्या अनेक घरांत त्यावरून ठरते. कार्यक्रमाला सुरुवात होती तसा शेवटही होता. आता एक भाग संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होतो. शेवट पडद्याकडून येत नाही, तो घरालाच ठरवावा लागतो.

सोलापूर, अहिल्यानगर, जालना भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या दिवशी टीव्हीची तक्रार फारशी निघत नसावी. चोवीसची रात्र, पंचवीसची सकाळची उपासना, करंज्या-चकल्यांचा फराळ, पाहुणे यांत दिवस भरलेला असतो. दिवाळीतही तेच, भाऊबीजेपर्यंत मुलांना सवड नसते. अडचण येते ती सणानंतरच्या रिकाम्या दिवसांत. म्हणून ‘किती तास टीव्ही पाहू द्यावा’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये मर्यादा सांगितल्या आहेत : दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षांत मोठ्यांच्या देखत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. त्या पाळाव्यातच. पण हे तास कोणाच्या वाट्यातून गेले, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे.

बहुधा ते आधी झोपेच्या वाट्यातून जातात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, किशोरवयीनांना आठ ते दहा. पडद्याच्या निळ्या उजेडाची चर्चा खूप होते. तो झोपेचे संप्रेरक कमी करतो हे खरे, पण खोलीच्या टोकाला असलेल्या टीव्हीपेक्षा डोळ्याजवळचा मोबाइल त्या बाबतीत वाईट. आणि उजेडापेक्षाही मोठे नुकसान साधे आहे : माणूस वेळेवर झोपायलाच जात नाही. डिसेंबर २०२४ मधली मेलबर्न कसोटी आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होत होती. मुलाला ती पाहायची हौस असेल तर जरूर उठवावे, पण मग आदल्या रात्री आठ-साडेआठला अंथरूण धरायला हवे.

दुसरा वाटा ताटाचा. लक्ष पडद्यावर असले की किती खाल्ले याचा अंदाज राहत नाही, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला काही मिनिटे लागतातच. लहान मुलाला कार्टून लावून भरवले की घास लवकर जातात, हे आईला सोयीचे वाटते. मुलाला मात्र भूक आणि तृप्ती ओळखण्याची सवय लागत नाही. मधुमेह असलेल्या मोठ्यांनी तर जेवून मालिकेसमोर बसण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे अंगणात चालावे. साखरेला त्याचा फायदा होतो.

तिसरा वाटा उन्हाचा. मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून रोज सुमारे दोन तास उघड्यावर घालवावेत, असा सल्ला नेत्रतज्ज्ञ देतात. तैवानने २०१० पासून शाळांमधून हाच आग्रह धरला. बार्शी भागात तर या दिवसांत ज्वारी हुरड्यावर येते. सकाळी दहाला मुलांना शेतावर नेले तर दुपारपर्यंत टीव्हीची आठवण निघत नाही.

आजी-आजोबांचा टीव्ही वेगळा धरावा. दिवसभर एकट्या असणाऱ्या म्हातारीला तीच सोबत असते, ती काढून घेणे क्रूरपणाचे. जाहिरात लागली की उठून दोन फेऱ्या मारा, एवढे सांगितले तरी पुरे.

मोजून पाहायची सवय या गावाला नवी नाही. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांमधली कर्करोगाची नोंदणी १९८७ पासून इथूनच चालते. ग्रामीण भागातली ती देशातली पहिली. नोंदी करणारी माणसे गावोगाव जाऊन आजाराच्या खुणाही सांगत आणि त्यातून रुग्ण लवकर दाखवायला येऊ लागले. घरातही आठ दिवस वहीत टिपावे : टीव्ही कधी लागला, कधी बंद झाला, कोण किती वाजता झोपले. मग जेवण, झोप, खेळ यांच्या वेळा आधी लिहाव्यात आणि उरलेल्या जागेत टीव्ही बसवावा. बंद करायचे काम पाळीपाळीने मुलांकडेच द्यावे. बाबांचा सामना तोडायची संधी ती सोडणार नाहीत.

एकतीस डिसेंबरची रात्र यातून वगळायला हरकत नाही. एका जागरणाने बिघडत नाही. फक्त एक जानेवारीला नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त उशिरा उठू नये, दुपारची झोप अर्ध्या तासावर आवरावी आणि त्या रात्री दिवे लवकर मालवावेत.