नाट्यगृहे कोणाच्या वस्तीत?

२०२३ च्या मार्चअखेर मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात देशातील सर्वांत धनाढ्य घराण्याच्या नावाचे सांस्कृतिक केंद्र मोठ्या थाटात उघडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात परळचे दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झाले. १९२२ पासून गिरणगावातील कामगाराला जे दार आपले वाटत आले होते, ते हे. पहिल्या घटनेचे कौतुक भांडवलदारी वृत्तपत्रांच्या रंगीत पानांवर ओसंडून वाहिले. दुसऱ्या घटनेकडे लक्ष वेधण्यासाठी कलावंतांना आंदोलन करावे लागले.

यावर एक ठरलेले उत्तर तयार असते : जिथे रसिक, तिथे रंगमंदिर, कष्टकऱ्यांच्या वस्तीत अशी अभिरुचीच नाही, त्याला कोण काय करणार? हा युक्तिवाद अज्ञानातून आलेला नाही, सोयीतून आलेला आहे. इप्टाची स्थापना १९४३ मध्ये मुंबईतच झाली. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांना रसिकांच्या शोधात मलबार हिलवर जावे लागले नाही. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार मैदानात मांडी घालून बसत होता. चाळीच्या गणेशोत्सवात नाटक करणारा आणि ते पाहणारा, दोघेही एकाच खात्यात सूत ओढत असत. अभिरुची होती. गेली ती जमीन.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या सार्वजनिक जागांसाठी आणि तितकाच घरांसाठी देण्याचा १९९१ चा नियम २००१ मध्ये असा वाकवला गेला की, वाटणी केवळ मूळच्या रिकाम्या तुकड्यांची व्हावी. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जिथे वाचनालय वा रंगमंच उभा राहू शकला असता, तिथे आज मॉल आहे. आणि कामगाराचा मुलगा कल्याण-विरारला राहतो. समुद्र बुजवून मिळवलेल्या नरिमन पॉइंटच्या टोकावर राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र आहे. तेथील प्रयोग पाहून त्याने शेवटची गाडी कशी गाठायची, हा प्रश्न कोणत्याही समीक्षकाला पडत नाही! महापालिकेने विलेपार्ले, बोरिवली, मुलुंड येथे नाट्यगृहे बांधली. गोवंडी-मानखुर्द मात्र त्या यादीत नाही. अण्णाभाऊंचे नाव दिलेले भायखळ्याचे नाट्यगृह तर बराच काळ बंदच राहिले.

राजधानी दिल्लीत हाच न्याय अधिक ठळकपणे दिसतो. साहित्य, संगीत-नाटक आणि ललित कला या तिन्ही अकादमींचे रवींद्र भवन, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, कमानी, श्रीराम सेंटर, त्रिवेणी, सारे मंडी हाऊसच्या चौकाभोवती पायी फिरता येईल इतक्या अंतरात. आणीबाणीत ज्यांच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरवून ज्यांना यमुनेपलीकडे त्रिलोकपुरीत नेऊन टाकले, त्यांच्यासोबत तिकडे कोणती अकादमी गेली? राजधानीच्या सीमेवरील साहिबाबादच्या झंडापूर या कामगार वस्तीत नाटक पोहोचले ते सफदर हाश्मी यांच्या जन नाट्य मंचामुळे. १ जानेवारी १९८९ रोजी तेथे ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू असताना त्यांच्यावर खुनी हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

कलकत्त्याचे चित्र थोडे निराळे आहे, पण निर्दोष नाही. बागबाजारला गिरीश मंच आणि ढाकुरियाला मधुसूदन मंच उभे राहिले, म्हणजे उत्तर व दक्षिण दोन्ही भागांना काही वाटा मिळाला. तरीही १९८५ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने उभारलेले ‘नंदन’ रवींद्र सदन आणि अकादमीच्या शेजारीच, म्हणजे जिथे आधीच सर्व काही होते तिथेच आले. डाव्यांनी हेही मान्य केले पाहिजे.

केरळने मात्र प्रश्नाच्या मुळाला हात घातला. तेथील ग्रंथालय चळवळ १९४५ मध्ये अंबलप्पुळा येथे ४७ ग्रंथालयांच्या संघटनेतून उभी राहिली, आणि १९८९ च्या कायद्याने मालमत्ता करावर रुपयामागे पाच पैसे ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा त्याहून बावीस वर्षे जुना, १९६७ चा आहे. परंतु त्यात असा उपकरच नाही. वांद्रे-कुर्ल्याच्या काचेच्या मनोऱ्यांवर आकारल्या जाणाऱ्या मालमत्ता करातील एक पैसाही गोवंडीच्या वाचनालयासाठी राखून ठेवण्याचे बंधन त्या कायद्याने कोणावरही घातलेले नाही.