पिशवीतलं रोप आपण गारठवतो, अन् नाव ठेवतो नर्सरीला

थंडी पडली की आपल्याकडं दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, "शेकोट्या पेटवा". दुसरी, "यंदा टिश्यूची रोपं खराब आली". दोन्ही मला पटत नाहीत.

कांदेबाग ऑक्टोबरात लावायची, पण रान मोकळं व्हायला उशीर होतो. रोपं आधीच बुक केलेली. गाडी संध्याकाळी येते, मजूर घाईत, पिशव्या बांधावर उतरवतात. तिथंच आठ-आठ दिवस पडून. शेडनेटमधून आलेलं लेकरू ते, एकदम उघड्यावर. मी स्वतः हेच केलंय, म्हणून बोलतोय. सकाळी दहाला पानं माना टाकायची. मला वाटलं तहानली, म्हणून वरच्या टाकीचं गार पाणी मारलं. अजून मेली.

कारण साधं आहे. जमिनीत लावलेल्या केळीच्या मुळाला खालच्या मातीची ऊब असते. पिशवीत माती मूठ-दोन मूठ, तिला गारठा चहूबाजूंनी लागतो. सकाळी ऊन पानावर पडतं, पान पाणी मागतं, अन् गारठलेलं मूळ ते देऊ शकत नाही. 16 अंशाखाली केळीची वाढ थांबते, 10 च्या खाली गेलं की चरका. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत 8-9 होतं. धुळ्याला तर 5-6 पर्यंत येतं, शिरपूरकडच्या केळीवाल्यांना विचारा.

आता शेकोटी. धूर उष्णता अडवत नाही. जमिनीतून वर जाणारी ऊब त्यातून निघून जाते. जाळाची धग थोडी उपयोगी, तीही वारा नसेल तर, अन् एका मोठ्या ढिगापेक्षा बारीक बारीक दहा ठिकाणी. टायर जाळणाऱ्यांना तर काय म्हणावं!

त्यापेक्षा पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवा, घराच्या किंवा गोठ्याच्या दक्षिण बाजूला, थेट मातीवर. फळीवर नको, ओट्यावर नको. कडेच्या पिशव्यांना बाहेरून माती नाहीतर भुसा लावा. उत्तरेला पऱ्हाटीचा किंवा कडब्याचा आडोसा. पाणी दुपारी, विहिरीचं ताजं, ते कोमट असतं. ओली माती ऊब धरते, कोरडी धरत नाही. दिवस मावळायच्या आत बांबूच्या कमानीवर क्रॉप कव्हर टाका, पानाला टेकू देऊ नका, ऊन वर आलं की काढा. एक-दोन अंशाचाच फरक पडतो, पण 8 अन् 10 मध्ये तेवढंच अंतर आहे. प्लास्टिकचा कागद पानावर टेकला तर उलट तिथंच करपतं. आणि युरिया? थंडीत नकोच. कोवळी फूट आधी मरते.

विम्याच्या भरवशावर बसणाऱ्यांनाही सांगतो. निकष सलग 3 दिवस 8 अंश किंवा त्याखाली. तिसऱ्या रात्री साडेआठ झालं की गेलं. शिवाय मोजणी मंडळातल्या केंद्रावर, छातीएवढ्या उंचीवर. निरभ्र रात्री जमिनीलगत, नदीकाठच्या खोलगट रानात, त्याहून गार असतं. अन् बांधावरच्या पिशव्यांचा तर पीक म्हणून हिशेबच नाही.

कृषी सल्ला काढणाऱ्या साहेबांनो, दरवर्षी तेच पत्रक येतं. शेकोटीच्या ओळीखाली पिशवीतल्या रोपांसाठी दोन ओळी तरी लिहा. साधा थर्मामीटर रात्री पिशव्यांमध्ये ठेवून पहाटे बघा, मग बोलू.