फोनवर ‘पिप इन्स्टॉल’ का अडकतं?

लॅपटॉप नाही म्हणून फोनवरच पायथन शिकणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. टर्मक्स टाकलं, छोटे प्रोग्राम मस्त चालले. मग पिपने नमपाय मागवलं आणि फोन तापून शेवटी एररची लांबलचक यादी हातात. यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

नमपायमध्ये पायथन हे वरचं आवरण आहे. मोठी आकडेमोड होते आतल्या सी भाषेतल्या कोडमध्ये. आवरण कुठेही चालतं, पण आतला कोड प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा कंपाइल करावा लागतो. दोन्ही एकत्र बांधलेल्या पॅकेजला ‘व्हील’ म्हणतात. (असते साधी झिप फाइलच, उघडून बघा.)

आता गंमत बघा. लिनक्सवरच्या एआरएम ६४ साठी नमपायची व्हील तयार आहे. तुमच्या फोनचा प्रोसेसर बहुधा तोच, ॲन्ड्रॉइडचं कर्नलही लिनक्सच. तरी ती चालत नाही! कारण लिनक्सची नेहमीची व्हील ग्लिबसी नावाची सी लायब्ररी गृहीत धरते आणि ॲन्ड्रॉइडमध्ये तिच्या जागी बायोनिक असते. जुळणारी व्हील नसली की पिप सोर्स कोड उतरवून फोनवरच कंपाइल करायला बसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘क्रिप्टोग्राफी’ लायब्ररीने रस्ट भाषा वापरायला घेतली तेव्हाही हेच झालं. ज्यांना तयार व्हील मिळाली त्यांना पत्ताही लागला नाही. बाकीच्यांना अचानक रस्टचा कंपायलर शोधावा लागला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ ने ॲन्ड्रॉइडला अधिकृत आधार दिला, पण ‘टियर ३’ म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर. २०२५ मध्ये पायपीआय ॲन्ड्रॉइडच्या व्हील घेऊ लागलं आणि त्या बांधणाऱ्या सीआयबिल्डव्हील या टूलमध्येही सोय आली.

रस्ता झाला, पण गाड्या कोण सोडणार? प्रत्येक लायब्ररीच्या टीमला आणखी एक बिल्ड सांभाळायचा आहे, आणि यातले बरेच जण फुकट, फावल्या वेळात काम करतात. शिवाय ही सगळी योजना ॲपच्या आत पायथन बसवणाऱ्यांना समोर ठेवून आखलेली आहे, टर्मक्समध्ये शिकणाऱ्यांना नाही. त्यामुळे मला तरी विद्यार्थ्यांना लगेच फरक पडेल असं वाटत नाही.

तोवर पिपच्या मागे लागू नका. टर्मक्सवाल्यांनी बायोनिकसाठी नमपाय स्वतः कंपाइल करून ठेवलंय. पिपऐवजी टर्मक्सच्या ‘पीकेजी’ कमांडने ‘पायथन-नमपाय’ हे पॅकेज टाका, कंपायलर लागतच नाही.